तेलाच्या डब्यावरची तारीख

माझी लेक बत्तिसाव्या आठवड्यात झाली. वजन १ किलो ३४० ग्रॅम. नोव्हेंबर २०१८ ची गोष्ट. पुढचे सत्तावीस दिवस मी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, काचेबाहेर बसून काढले, आणि त्या दिवसांत भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकीने मला एकच गोष्ट विचारली, "खाण्यात काय आलं होतं गं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. पहिल्या तीन महिन्यांत पोटात काही ठरत नव्हतं, तेव्हा सकाळी चहात बुडवून खारी खायचे. दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये भजी नाहीतर वडा. पुढे मळमळ गेली, पण सवय राहिली. म्हणजे माझ्या बाळाला नळ्या लागल्या त्या माझ्या जिभेमुळे, असा हिशेब मी मनाशी लावून टाकला होता आणि कोणी तो खोडूनही काढला नाही.

खरं काय झालं होतं ते आधी सांगते. तिसाव्या आठवड्यात पाय सुजले, मग बोटातली अंगठी निघेना, मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. घरात सगळ्या म्हणाल्या, आठव्यात सूज येतेच. जिथे नाव घातलं होतं तिथेही तेच सांगितलं आणि त्या भेटीत लघवी तपासायची राहून गेली. एकतिसाव्या आठवड्यात कपाळ फुटेल असं डोकं दुखायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बीपी १६४/११२, लघवीत प्रोटीन तीन प्लस. मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं औषध दिलं, त्याने अंगात निखारे पसरल्यासारखं वाटतं. बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि मग सिझर. कागदावर लिहिलं होतं, सिव्हिअर प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याचा गंभीर आजार. खारीचा उल्लेख कुठेच नव्हता.

दुसऱ्या बाळाचा विचार मनात यायला तीन वर्षं गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही दोघं एका नव्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी आधीची फाइल पानन् पान वाचली, वजन घेतलं, बीपी घेतलं आणि मग मला अनपेक्षित असं काहीतरी विचारलं.

"घरात महिन्याला तेल किती लागतं?"

मी म्हटलं, पाच लिटरचा डबा. माणसं किती? आम्ही दोघं, सासूबाई, आणि सव्वातीन वर्षांची लेक. त्यांनी तिथेच पेनाने हिशेब मांडला. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. लेकीला अर्धं माणूस धरलं तरी माणशी दिवसाला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम होतं. आणि त्यात बाहेरचं खाणं नाही, दुधातलं नाही, दाण्या-खोबऱ्यातलं नाही. गरोदर बाईला वरून दिसणारं तेल-तूप दिवसाला सुमारे ३० ग्रॅम पुरे असं आपल्याकडचा आहारसल्ला सांगतो, म्हणजे चहाचे सहा चमचे.

मी लगेच विचारलं, "म्हणजे तेलानेच झालं ना मॅडम?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही. ते डोक्यातून काढून टाका. तुमचा आजार वारेतून आला, बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटातून."

त्या पाऊण तासात त्यांनी मला जे समजावलं ते मला चार वर्षांपूर्वी कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहिते आहे.

गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या पेशी आईच्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद, सैल करून घेतात, म्हणजे पुढे बाळाला पुरेसं रक्त मिळतं. काही बायकांत हे काम अर्धवट राहतं. वार कमी रक्तावर दिवस काढते, ताणाखाली येते आणि आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रोटीन गळायला लागतं, सूज येते. हे सगळं विसाव्या आठवड्यानंतर दिसतं, पण बिघाड सुरू होतो तो बाईला धड गरोदरही वाटत नसतं तेव्हापासून.

आणि इथे एक शब्द समजून घ्यायला हवा, कारण आपल्या भाषेत त्याचा गोंधळ होतो. डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात आणि आपण त्याला 'सूज' म्हणतो. पण पायावर बोट दाबल्यावर खड्डा पडतो ती सूज वेगळी, ते पाणी. इन्फ्लमेशन म्हणजे दाह. जखम झाली की लाल होते, तापते, ठणकते, तो दाह. तसाच एक मंद दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरात चालू राहू शकतो आणि वरून काहीच दिसत नाही. मी तीन वर्षं पायावरच्या सुजेबद्दल बोलत होते. मॅडम आतल्या दाहाबद्दल बोलत होत्या.

दाह हा शत्रू आहे असंही नाही. गर्भ रुजतो तो थोड्या दाहाच्याच मदतीने. मधले महिने शरीर तो खाली ठेवतं, नाहीतर बाळाला परकं समजून बाहेर काढलं असतं. शेवटी कळा सुरू होतात त्याही दाहाच्याच भाषेत. गर्भाशयाचं तोंड मऊ करणारे, कळा आणणारे प्रोस्टाग्लँडिन हे पदार्थ शरीर कशापासून बनवतं? स्निग्धांपासून. आपण खाल्लेल्या तेलातली काही आम्लं पेशींच्या पडद्यांत जाऊन बसतात आणि गरज पडली की तिथून काढून त्यांचे हे निरोप बनतात. ओमेगा-६ घराण्यातलं अ‍ॅराकिडॉनिक आम्ल हा त्यातला मुख्य कच्चा माल. ओमेगा-३ घराण्यातली ईपीए आणि डीएचए ही आम्लं त्याच जागी बसतात, पण त्यांच्यापासून बनणारे निरोप सौम्य असतात, आणि काही तर दाह आवरता घ्यायला सांगणारे.

"मग सूर्यफुलाचं तेल बंदच करू?" मी विचारलं. त्यात ओमेगा-६ भरपूर असतं हे मी कुठेतरी वाचलं होतं.

"विष नाहीये ते," मॅडम म्हणाल्या. ते तेल खाल्लं की रक्तातला दाह वाढतो असं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. माझी अडचण तेलाच्या जातीपेक्षा त्याच्या मापाची होती, आणि दुसरीकडे ताटात ओमेगा-३ जवळजवळ शून्य होतं ही.

मी रत्नागिरीची, बांगड्यावर वाढलेली. पण सासर बार्शीचं, राहायला आम्ही पुण्यात, आणि सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी चुकत नाही. त्या घरात असताना मासे शिजत नाहीत आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. लग्नानंतर मासे माझ्यापुरते माहेरपणाला उरले होते. पहिल्या खेपेला मी नऊ-दहा वेळा तरी मासे खाल्ले असतील का, मला आठवत नाही.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते डब्यावर मार्करने तारीख घातली. मग फोडणीची पळी पाण्याने भरून औषधाच्या मापात ओतून पाहिली. चाळीस मिलिलिटर. एका भाजीला एक पळी, आमटीला अर्धी, पोळ्यांना वेगळं, सकाळच्या पोह्यांना वेगळं. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तरी तवंग नाही आला तर पाहुणा नाव ठेवतो. पण तुला पाहुण्यापेक्षा जास्त जपायचंय." आणि दुसऱ्या दिवसापासून पळी खाली ठेवून त्यांनी पोह्याचा चमचा हातात घेतला. सत्तर वर्षांच्या बाईने पन्नास वर्षांचा हात बदलला. मी फक्त तारीख घातली होती.

एप्रिलात दिवस गेले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर मॅडमनी अ‍ॅस्पिरिन सुरू केली, रात्री झोपताना १५० मिलिग्रॅम, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. पहिल्या खेपेला हा आजार झालेल्या बाईला ही गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर तो परत येण्याची शक्यता कमी होते. पूर्ण जात नाही, कमी होते. मी या गोळीला साधी वेदनाशामक समजत होते. प्रत्यक्षात ती काम करते ती स्निग्धांच्याच वाटेवर. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, अ‍ॅराकिडॉनिक आम्लापासून थ्रॉम्बॉक्सेन नावाचा पदार्थ बनवतात, तो वाहिन्या आवळतो, गुठळी धरतो. थोड्या प्रमाणातली अ‍ॅस्पिरिन ते बनणं अडवते. म्हणून एक कळकळीची सूचना, ही गोळी स्वतःच्या मनाने कोणी घेऊ नये आणि डॉक्टरांनी दिली असेल तर शेजारणीच्या सांगण्यावरून बंदही करू नये. मला दोघीतिघींनी सांगितलं की ती रक्त पातळ करते, बाळाला वाईट. मी घेत राहिले.

कॅल्शियम दोन वेळा, लोहाची गोळी त्यापासून लांब, हे तर होतंच.

आता जवसाबद्दल. कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा जवसाची झाली.

सोलापूरकडे चटणीशिवाय ताट पुरं होत नाही. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची. मला ओमेगा-३ हवं आहे एवढं कानावर पडताच सासूबाईंनी बार्शीहून दोन किलो जवस मागवले. मंद आचेवर लोखंडी कढईत भाजायचे, तडतडायला लागले की उतरवायचे, लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ, आणि खलबत्त्यात कुटायचे. मिक्सरमध्ये त्याला तेल सुटून गोळा होतो, खलबत्त्यात चटणी मोकळी राहते. दाणा फुटला पाहिजे, नाहीतर तसाच पोटातून निघून जातो, हे त्यांना कोणत्याही आहारतज्ज्ञाच्या आधी माहीत होतं. ज्वारीच्या भाकरीवर ही चटणी आणि वर थोडं दही. मी पाच महिने रोज खाल्ली आणि कंटाळले नाही.

पण मॅडमच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ ताईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं हे खरं, पण ते एएलए या रूपातलं. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्याला लागतं ते डीएचए. आपलं शरीर एएलएपासून डीएचए बनवतं ते फारच थोडं. तेव्हा जवस खा, चांगलंच आहे, पण 'जवस खाते म्हणजे डीएचए झालं' असं समजू नका. गरोदरपणात दिवसाला निदान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं असं सांगतात.

हे सासूबाईंना कसं सांगायचं याचा मला घोर लागला होता. मग कळलं की माशांत डीएचए येतं ते मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून, आणि त्या शेवाळापासून बनवलेल्या शाकाहारी कॅप्सूल मिळतात. मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, आई, हे शेवाळाचं आहे. त्यांनी चष्मा लावून पाठीमागचा हिरवा ठिपका पाहिला आणि बाटली देवघराशेजारच्या फळीवर ठेवली, रोज दिसावी म्हणून. कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या मात्र ताईंनी हातही लावू नका म्हणून बजावलं. त्यात जीवनसत्त्व अ तयार रूपात जास्त असतं आणि गरोदरपणात ते जास्त झालं तर बाळाला अपाय होऊ शकतो. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारीशेजारी असतात, बायका फसतात.

मासे मिळायला सप्टेंबर उजाडला. जून-जुलैत मासेमारी बंदी, मग श्रावण, मग गणपती. ३१ ऑगस्टला चतुर्थी होती. मी विसाव्या आठवड्यात, सोनोग्राफी नीट आली होती, म्हणून आंबा घाटातून हळूहळू गाडी उतरवत माहेरी गेले. विसर्जनानंतर दोन दिवसांनी मासेवाली दारात आली. टोपलीत तारली, पेडवे, थोडे बांगडे, आणि एक मोठी सुरमई. आईने सुरमई उचलली, लेकीला चांगलं खायला घालायचं म्हणून. मी तिला थांबवलं. मोठे शिकारी मासे आयुष्यभर छोटे मासे खात पारा साठवत जातात. मोरी, म्हणजे शार्क, तर गरोदरपणी नकोच. छोट्या माशांत पारा कमी आणि तेल जास्त. मासेवाली म्हणाली, "बाय, तारली घे, पोटुशीन तारलीच खावी." एक वाटा घेतला. आईने तळायला कढई काढली होती, तीही ठेवायला लावली आणि तिखलं करायला सांगितलं. मातीच्या भांड्यात तारली, लाल मिरचीचं वाटण, आमसुलं, ठेचलेली चार तिरफळं, वरून फक्त चमचाभर खोबरेल. झाकण ठेवून भांडं नुसतं हलवायचं, डाव घालायचा नाही. तिरफळाचा तो वास चार वर्षांनी नाकात गेला आणि मला रडू आलं. हे आहारशास्त्रात बसत नाही, पण तसं झालं खरं.

त्यानंतर दर पंधरवड्याला माहेरी जाणं शक्य नव्हतं. पुण्यात माझ्या मैत्रिणीने आठवड्यातून एकदा तिच्या घरी बांगडा करून वाढला, शेवटपर्यंत. आठवड्याला अडीचशे-तीनशे ग्रॅम मासे गरोदर बाईने खावेत असं म्हणतात. मी त्याच्या निम्म्यापर्यंत पोचले, बाकी कॅप्सूलवर.

मधे एक घाबरगुंडी झाली ती सांगते, कारण अशी वेळ अनेकींवर येत असेल. सव्विसाव्या आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसातून आरोग्य तपासणीचं पॅकेज मिळालं, त्यात मीही रक्त दिलं. रिपोर्टात तीन आकडे ठळक लाल. सीआरपी ९, ट्रायग्लिसराइड २४८, कोलेस्टेरॉल २५१. सीआरपी हा दाहाचाच निर्देशक. मी रात्रभर जागी. इतकी पथ्यं पाळून आत आगच पेटलेली आहे असं वाटलं. सकाळी मॅडमना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "बाजूचा रकाना बघा, तो गरोदर नसलेल्या बाईचा आहे." गरोदरपणात सीआरपी थोडा वर राहतोच. ट्रायग्लिसराइड तर शेवटच्या तिमाहीपर्यंत दुप्पट-तिप्पट होतात, कारण आईचं शरीर स्वतः चरबीवर चालतं आणि साखर बाळासाठी मोकळी ठेवतं. तो बिघाड नाही, ती व्यवस्था आहे. न सांगितलेल्या तपासण्या करू नका, असं त्या पहिल्यांदाच जरा कडक आवाजात म्हणाल्या.

हिरड्यांतून रक्त येत होतं तेही मी उगीच सोसत होते. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. पाचव्या महिन्यात दात साफ करून घेतले आणि आराम पडला.

बाहेरचं तळलेलं मी बंद केलं ते दाहाच्या भीतीने कमी आणि कढई बघून जास्त. आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवरचं तेल संध्याकाळी डांबरासारखं दिसतं. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलात पोलर कंपाउंड नावाचे घटक साठतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरू नये असा आपल्याकडे १ जुलै २०१८ पासून नियम आहे. गाडीवर ते कोण मोजणार? वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, हे मात्र मोठं काम झालं. माझ्या पहिल्या खेपेच्या वेळी ती नव्हती. तरी बेकरीतल्या सुट्या खारीच्या पुड्यावर कसलं लेबल? मी ती या वेळी खाल्ली नाही. भूक लागली की भाजलेले शेंगदाणे, अक्रोड, किंवा उकडलेलं अंडं, ते मी बाल्कनीत बसून खायचे.

तूप हा आमच्याकडचा दुसरा विषय. आठवा लागला तसं सगळीकडून सुरू झालं, दुधात तूप घे, बाळ सरकन बाहेर येतं. पोटातलं तूप गर्भाशयाच्या वाटेला जात नाही, दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. दुसऱ्या टोकाला माझी एक ऑफिसातली मैत्रीण होती, तिने भीतीने तेल-तूप दोन्ही सोडलं होतं आणि सुकी पोळी खात होती. तिला मी पुण्याचाच एक अभ्यास सांगितला, ताईंनी मला सांगितला होता तसाच. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून पाठपुरावा केला. शेतात राबणाऱ्या, कमी जेवणाऱ्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आणि त्यात ज्या बायकांच्या जेवणात अठराव्या आठवड्यात स्निग्ध जास्त होतं, त्यांची बाळं अधिक लांब आणि वजनाने अधिक भरली. दूध, पालेभाज्या, फळं खाणाऱ्यांच्या बाळांचंही तसंच. म्हणजे त्या शेतकरी बाईला चमचाभर तेल जास्त हवं होतं आणि मला पळीभर कमी. एकच सल्ला दोघींना कसा चालेल? मैत्रिणीने त्या दिवशी वरणभातावर तूप घेतलं. मीही रोज एक चहाचा चमचा घेतच होते.

पुण्यातच भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांच्या वारा तपासल्या, त्यांत डीएचए कमी आढळलं. हे वाचून मी परत हिशेबाच्या खड्ड्यात पडले होते, की मी मासे खाल्ले असते तर! पण कमी आढळणं आणि त्यामुळे आजार होणं या दोन गोष्टी वेगळ्या. बिघडलेल्या वारेतून डीएचए नीट जातही नसेल. कॅप्सूल घेतल्याने हा आजार टळतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणांबाबत पुरावा बरा आहे. २०१८ मध्ये सत्तर चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा चौतिसाव्या आठवड्याआधीची बाळंतपणं ४.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आलेली दिसली. पण पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या साडेपाच हजार बायकांवरच्या मोठ्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. ज्यांच्या अंगात मुळात ओमेगा-३ कमी त्यांना फायदा होत असावा, असं मॅडमचं म्हणणं. मी ती घेतली, आणि घेताना तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा सोडून दिली. त्याने मला पहिल्यांदा जेवताना शांत वाटलं.

बीपीचं यंत्र घरात होतं. सकाळ-संध्याकाळ, पाठ टेकून, पाच मिनिटं गप्प बसून मोजायचं, वहीत लिहायचं. लेक शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचायची. बत्तिसावा आठवडा आला त्या दिवशी मी घरात कोणाशी बोलले नाही. ११८/७६. तेहतिसावा. चौतिसावा. तेलाचा डबा या काळात सात आठवडे पुरायला लागला होता.

सदतिसाव्या आठवड्यात बीपी चढलंच. १४४/९४, चार तासांनी परत तेवढंच. लघवी स्वच्छ होती, डोकं दुखत नव्हतं. सगळं करूनही चढलं. नवऱ्याचा चेहरा उतरला, पण मला मात्र या वेळी कोणाला दोष द्यावासा वाटला नाही, मलाही नाही. मॅडम म्हणाल्या, बाळ तयार आहे, आता थांबायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी सिझर केलं. मुलगा, २ किलो ७६० ग्रॅम. रडला तो आवाज मी ऐकला, पहिल्या वेळी तो ऐकायला मिळाला नव्हता.

कमरेत इंजेक्शन दिल्याने मी जागी होते. मी मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं, मला वार बघायची आहे. त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये धरून दाखवली. गडद लाल, ताटाएवढी गोल, एका बाजूने झाडाच्या फांद्यांसारख्या निळसर शिरा पसरलेल्या आणि मधून निघालेली नाळ. पहिल्या वेळची लहान होती, तिच्यावर पांढरट कडक डाग होते, असं जुन्या फाइलमध्ये लिहिलं आहे. या वेळीही कडेला एक डाग होता, बोटाच्या पेराएवढा. मॅडमनी तो दाखवला. "एवढंच," म्हणाल्या.

बाळंत झाल्यावरही बीपी आठवडाभर वर जाऊ शकतं, विशेषतः तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत, म्हणून वही बंद केली नाही. चौथ्या दिवशी १५०/९६ झालं, गोळी सुरू झाली, दीड महिन्याने बंद झाली. डोकेदुखी, काजवे, पोटात वरच्या बाजूला दुखणं यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजताही या, असं त्यांनी घरी सोडताना सासूबाईंना बजावलं, मला नाही. त्यांनी ते ऐकून पाठ केलं.

दहाव्या दिवशी स्वयंपाकघरातून हळिवाचा वास आला. नारळाच्या पाण्यात भिजवलेले हळीव, ओलं खोबरं, गूळ, लाडू वळायचे. जाऊबाई तुपाचा डबा घेऊन आल्या आणि पळी घालायला लागल्या. सासूबाईंनी तो डबा सरळ हातातून घेतला, झाकण लावलं आणि चहाचा चमचा पुढे केला. "मापानं," म्हणाल्या.